प्रतीकांची माती : मृत्यू, अस्मिता आणि निसर्ग

साहित्याच्या वर्गात आणि वर्गाबाहेरच्या चर्चेत 'प्रतीक' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. कवितेत अंधार आला की तो मृत्यू, नदी आली की ते आयुष्य, झाड आले की ते स्वत्व, असे एक तयार कोष्टकच आपण मनाशी बाळगून असतो. उत्तरपत्रिकेत या कोष्टकाचा उपयोग होतो आणि गुणही पडतात. परंतु त्यामुळे कविता कळली काय, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. आपल्या महाविद्यालयांच्या नियतकालिकांतील नव्या कविता चाळल्या तरी हेच दिसते. ज्याने कधी वाळवंट पाहिले नाही तो वाळवंटावर लिहितो, आणि ज्याच्या परसात फणस आहे त्याच्या कवितेत निवडुंग उगवतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रतीक हे कवीने एकट्याने शोधून काढलेले नसते. ते त्याला त्याच्या भूमीकडून उसने मिळालेले असते. आणि ज्या भूमीकडून ते मिळाले ती भूमीच खचली, तर शब्द कोशात राहतो पण प्रतीक मरते. हे विधान मोघम वाटू नये म्हणून गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचे उदाहरण घेतो. मृत्यू, अस्मिता आणि निसर्ग ही तीन वेगवेगळी प्रकरणे आहेत असे पाठ्यपुस्तक वाचून वाटते. या दोन तालुक्यांत ती एकाच धाग्यात ओवलेली सापडतात.

आपल्या वाचकांना हा मुलूख परका नाही. चोर्ल्याचा घाट उतरून पुढे गेले की साखळी लागते आणि साखळी हे डिचोली तालुक्यातलेच गाव. गोव्यात जिला मांडवी म्हणतात ती म्हादई खानापूर तालुक्यातून निघते. गोव्याच्या कदंबांचे राज्य हळशीपासून समुद्रापर्यंत पसरले होते आणि त्यांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर आज डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आहे. हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथील देऊळ पाडले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपलीकडे आणले आणि ज्या ठिकाणी ठेवले त्या ठिकाणालाही जुन्याच गावाचे नाव मिळाले. पुढे १६६८ साली शिवाजीमहाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. एका गावात मरण आले म्हणून दैवत नदी ओलांडते आणि गावाचे नावही सोबत नेते, ही घटना मुळातच एखाद्या कादंबरीच्या तोडीची आहे.

डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते फार उशिरा, १७८१ ते १७८८ या काळात. त्यामुळे साष्टी-बारदेशात जी उलथापालथ झाली ती येथे झाली नाही. देव, देवराई, मांड, जत्रा यांची साखळी बरीचशी अखंड राहिली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा योगायोग मोलाचा आहे, कारण साहित्याची प्रतीके छापील पुस्तकात येण्यापूर्वी कोठे राहत असतात हे येथे अजून पाहता येते.

वारुळाचेच उदाहरण घेऊ. पेडणे, डिचोली आणि शेजारच्या सत्तरीत सातेरी ही ग्रामदेवता आहे. ती मूर्तीच्या रूपात असतेच असे नाही. अनेक देवळांत गाभाऱ्यात वारूळच असते आणि तीच देवी. तिकडच्या बोलीत वारुळाला रोयण म्हणतात. आता थोडा विचार करावा. वाळवी मेलेले लाकूड खाते आणि त्याच तोंडाने जमिनीच्या पोटातली माती वर आणून घर रचते. म्हणजे मेलेल्या झाडाच्या जोरावर जिवंत मातीचा उंचवटा उभा राहतो, त्यात पुढे नाग वस्तीला येतो, आणि लोक त्याला आई म्हणतात. मृत्यू आणि प्रसव यांना एकत्र आणण्यासाठी येथे कोणा कवीला कल्पनेची ओढाताण करावी लागली नाही. लोकांनी डोळे उघडे ठेवून पाहिले, एवढेच.

आपल्या परंपरेतील आदिकवीचे नावही वारुळावरूनच आले आहे. वाल्या कोळी वारुळात गडप झाला आणि वारुळातून वाल्मीकी बाहेर आला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. पण ती साहित्याविषयीची कथा आहे हे सहसा ध्यानात येत नाही. जुने नाव मेल्याशिवाय नवे नाव मिळत नाही आणि हा बदल घडतो तो मातीच्या कुशीत, असे ती सांगते. याच अंकात पलीकडच्या पानांवर जी भाषा आहे, त्या कन्नडमध्ये गिरीश कार्नाड यांनी १९८८ साली 'नागमंडल' हे नाटक लिहिले. तेथेही वारूळ आहे. वारुळातला नाग राणीच्या नवऱ्याचे रूप घेतो, राणी वारुळात हात घालून दिव्य करते, आणि नाग मेल्यावर त्याचे क्रियाकर्म मुलाच्या हातून व्हावे असा आग्रह ती धरते. मुलाचा बाप कोण, नवरा कोण, आणि मेला तो कोण, हे सगळे प्रश्न एका वारुळाभोवती गोळा झाले आहेत. सातेरीला रोयणीच्या रूपात पाहिलेल्या गोमंतकीय प्रेक्षकाला हे नाटक समजावून सांगावे लागत नाही. कोष्टक घेऊन बसणाऱ्याला मात्र 'नाग म्हणजे वासना' एवढेच सापडते आणि नाटक हातून निसटते.

दुसरे उदाहरण मृत्यूचे. डिचोली तालुक्यातील साळ या गावी होळीनंतर गड्यांचा उत्सव होतो. रात्रीच्या अंधारात अंगात आलेले गडे रानाकडे आणि मसणवटीकडे धाव घेतात. रानात देवचाराची दिवटी दिसते अशी श्रद्धा आहे, आणि ती पाहण्यासाठी दूरदूरची माणसे रात्र जागवतात. या श्रद्धेचे शास्त्रीय परीक्षण करणे हा माझा विषय नव्हे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की वर्षातून एकदा सारे गाव, जिवंतपणी, आपल्याच मसणवटीच्या दिशेने तोंड करून उभे राहते. मृत्यू तेथे गावाबाहेर हाकलून दिलेला नाही. तो गावाचाच एक वाडा आहे आणि त्या वाड्याला वर्षातून एकदा भेट द्यावयाची असते.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेत हेच दुसऱ्या रीतीने घडते. वैशाख शुद्ध पंचमीला व्रतस्थ धोंड तळीवर स्नान करून, गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून, होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात. आग आणि मोगरा ही जोडी कोणत्याही नवकवीला हेवा वाटावा अशी आहे. २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन काही भाविकांना प्राण गमवावे लागले. त्या दुर्घटनेला प्रतीक म्हणणे हा निर्दयपणा होईल. गर्दीचे नियोजन ही वेगळी बाब आहे आणि तिचा जाब वेगळ्या ठिकाणी विचारला पाहिजे. मरणाविषयी बोलताना प्रतीक कोठे थांबते आणि माणूस कोठे सुरू होतो, हे लेखकाने ओळखले पाहिजे, म्हणून हा उल्लेख केला.

लईराईची कथाही अस्मितेच्या प्रश्नाला भिडते. ती सात बहिणींपैकी एक. मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडण्यातील मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. खेतोबा हा भाऊ. आणि लोक असे सांगतात की एक बहीण, मीराबाई, म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली. म्हापशाच्या सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन जातात. इतिहासकार या कथेची चिकित्सा करतील, ते त्यांचे कामच आहे. लोकांनी मात्र धर्मांतरासारखा दुखरा प्रसंग 'बहीण दुसऱ्या घरी गेली' या शब्दांत सांगितला. घर बदलले तरी नाते तुटले नाही. अस्मितेवर आपण मोठमोठे परिसंवाद भरवतो. एवढ्या थोड्या शब्दांत एवढी समजूत त्यांत क्वचितच आढळते.

पेडण्याचा दशावतार घ्या. पेडणे आणि सिंधुदुर्ग यांना जोडणारा हा रात्रीचा खेळ. त्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे आड दशावतारात, वेद चोरणारा संकासुर येतो. काळ्या वेषातला हा राक्षस प्रेक्षकांची थट्टा करतो, आणि करतो ती लोकांच्या बोलीत. देव प्रमाण मराठी बोलतात, राक्षस गावची भाषा बोलतो. शेवटी विष्णू त्याला मारतो, आणि पुढच्या गावी, पुढच्या रात्री, तो पुन्हा हसत रंगमंचावर येतो. लोकांना सर्वांत जवळचा वाटणारा माणूसच रोज मारला जातो, यात बोलीच्या वाट्याला येणारे मरण आहे आणि तिचे न मरणेही आहे. मराठी, कोकणी, मालवणी, कन्नड यांच्या वादांत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी संकासुराकडे एकदा या नजरेने पाहावे.

लिखित साहित्याकडे वळायचे तर पेडण्याशी ज्यांचे नाव जोडले गेले ते संतकवी सोहिरोबानाथ आंबिये पुढे येतात. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. त्यांचा जन्म १७१४ साली बांद्याला झाला. ते गावचे कुलकर्णी होते. सरकारी बोलावण्यावरून सावंतवाडीला जात असता इन्सुलीच्या रानात ते फणस खायला बसले आणि तेथे गहिनीनाथांनी त्यांना अनुग्रह दिला, अशी कथा आहे. त्यानंतर कुलकर्ण्याचे दप्तर सुटले. कोणी म्हणेल की साक्षात्काराच्या कथेत फणस कशाला? मला तर वाटते की ती कथा फणसामुळेच आपली झाली आहे. बोधिवृक्षाची थोरवी उसनी आणण्याची तिला गरज पडली नाही. वर काटे, आत गरे, हाताला चीक, असे हे परसातले फळ एका माणसाच्या जुन्या ओळखीचा शेवट पाहत होते. १७९२ साली सोहिरोबा उज्जैनहून निघून गेले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत, असे परंपरा सांगते. ज्याने नाव आधीच रानात टाकले होते, त्याच्या समाधीवर नाव कोरण्याची वेळ आली नाही.

येथे अनंतमूर्तींच्या 'संस्कार' या १९६५ च्या कन्नड कादंबरीची आठवण होते. अग्रहारात नारणप्पाचे प्रेत पडून आहे आणि त्याला अग्नी कोणी द्यावा, हे ठरत नाही. प्राणेशाचार्य उत्तर शोधायला जातात. त्यांना उत्तर मिळत नाही, पण रानात त्यांची स्वतःविषयीची सारी समजूत कोसळते. इन्सुलीच्या रानात एकाला नवे नाव मिळाले आणि 'संस्कार'मधल्या रानात दुसऱ्याचे जुने नाव हरवले. दोन्हीकडे रान ही केवळ पार्श्वभूमी नाही. माणूस कोण, हे ठरवण्याचा अधिकार तेथे घराकडून आणि जातीकडून निघून रानाकडे जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्या रानाकडे, डोंगराकडे आणि तळीकडे हा अधिकार होता त्यांची आज काय स्थिती आहे? डिचोली तालुका लोहखनिजाच्या पट्ट्यात येतो. मये, मुळगाव, शिरगाव ही वर आलेली नावे देवीच्या कथेतली आहेत आणि खाणीच्या नकाशातलीही आहेत. शिरगावभोवती खाणींचे खड्डे खोल जात राहिले तसे गावचे पाणी खाली गेले, विहिरी आटल्या, शेतात खनिजाचा गाळ उतरला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१४ साली अटींसह बंदी उठली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने पुन्हा बंद पडल्या, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सडा म्हणजे ओसाड कातळ, अशी शहरी समजूत असते. वस्तुतः पावसाचे पाणी मुरवून पायथ्याचे झरे जिवंत ठेवणारा तो दगडी साठा असतो, आणि भाद्रपदात कोकण-गोव्याच्या सड्यांवर जे इवलेसे जांभळे फूल पसरते त्याला मराठीत 'सीतेची आसवे' म्हणतात. भूमीतून आलेल्या आणि भूमीतच गेलेल्या सीतेची आसवे कातळावर पाहणारा माणूस आपल्यापेक्षा मोठा कवी होता.

डोंगर गेला तर कवितेचे काय बिघडते, असा प्रश्न येईल. कमळ कोठे रोज पाहायला मिळते, तरी कमळाची उपमा चालतेच ना? चालते, हे खरे. पण कशी चालते ते पाहावे. ती निवडणुकीच्या चिन्हासारखी चालते. तिच्यातून चिखलाचा वास येत नाही. शब्द वस्तूपासून तुटला म्हणजे तो घासलेल्या नाण्यासारखा होतो. व्यवहार होतो, पण मुद्रा वाचता येत नाही. ज्या मुलाने वारूळ पाहिलेच नाही त्याला वाल्मीकीची कथा म्हणजे एका दरोडेखोराची बोधकथा एवढीच उरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खाणींनी घरात पैसा आणला, मुले शिकली, पक्की घरे झाली. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. ज्यांची चूल त्या ट्रकावर पेटत होती त्यांना प्रतीकांची महती सांगणे सोपे नाही. शिवाय जुन्या गावगाड्यात सर्वांना सारखी जागा होती असेही नव्हे. कोणी मांडावर उभे राहावे, कोणी दुरून पाहावे, हे जातीने ठरत असे. दशावतारात सीता आणि द्रौपदी पुरुषच होत. बायकांना आपले म्हणणे मांडण्यासाठी पौषातल्या रात्री धालोच्या मांडाची वाट पाहावी लागे. त्या मांडावर वनदेवतेला साद घालून गाणाऱ्या बायकांची नावे वाङ्मयाच्या इतिहासात नाहीत. तेव्हा जुने ते सारे सोन्याचे, असे मला सुचवायचे नाही.

मला सुचवायचे आहे ते हे की साहित्याने हा तोटा आणि नफा, दोन्ही, त्या भूमीच्याच शब्दांत मांडावा. पुंडलीक नायक यांनी १९७७ साली 'अच्छेव' या कोकणी कादंबरीत ते करून दाखवले. शेत सोडून खाणीच्या पैशाकडे वळलेल्या गावाची आणि एका कुटुंबाची वाताहत त्यांनी लिहिली. त्यांना मृत्यूसाठी काळा कावळा किंवा सुकलेले झाड शोधावे लागले नाही. खाण हीच तेथे मृत्यूचे रूप झाली आहे, आणि गावाचे स्वत्व कसे झिजते ते शेतातून उठून गेलेल्या माणसांच्या वागण्यातून दिसते. जुनी प्रतीके मेली तर नवी कोठून येतील, याचे उत्तर या कादंबरीत आहे: जेथे घाव बसला आहे तेथूनच येतील. लाल धूळ, पाण्याने भरलेला खाणीचा खड्डा, दारात गंजणारा ट्रक, सड्यावर सरळ गेलेली धावपट्टी, ही आजच्या पेडणे-डिचोलीच्या लेखकाची सामग्री आहे. तो जर अजूनही निळ्या लाटा आणि माडाच्या झावळ्यांवरच कविता करीत बसला, तर त्याने पर्यटन खात्याची भित्तिपत्रके लिहिलेली बरी.

कोणी असेही म्हणेल की गडे, धोंड आणि दशावतार हे साहित्यच नव्हे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या वाटेला का जावे? याला माझे उत्तर असे की लिखित साहित्याने आपली भांडवलाची पेटी नेहमी तेथूनच भरली आहे. कार्नाडांनी 'नागमंडल' लोककथेवरून घेतले. सोहिरोबांची कीर्ती ग्रंथांपेक्षा भजनातून घरोघरी गेली. लोकपरंपरा वगळून वाङ्मयाचा अभ्यास करणे म्हणजे झरा सोडून नळाचा अभ्यास करणे होय. आणि झरा आटला की नळाला पाणी का येत नाही, याचे नवल करीत बसणे होय.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. प्राध्यापकांना विनंती अशी की 'प्रतीक' शिकविताना निदान एका प्रतीकाची वस्तू विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावी. चोर्ल्याचा घाट उतरून एक दिवस साखळी-डिचोलीकडे जाणे अवघड नाही. एखादे सातेरीचे देऊळ, एखादी मसणवट, एखादा खाणीचा खड्डा यांच्यासमोर उभे राहून कविता वाचली तर तासाभरात जे कळेल ते सत्रभराच्या टिपणांत कळणार नाही. आणि विद्यार्थिमित्रांना विनंती अशी की लिहायला बसण्यापूर्वी आपापल्या गावच्या झाडांची, झऱ्यांची आणि मसणवटीची नावे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवावीत. मराठी विभागाने आणि कन्नड विभागाने ही यादी एकत्र करावी. वारुळाला कन्नडमध्ये हुत्त म्हणतात, गोव्यात रोयण म्हणतात. तीन शब्द शेजारी लिहिले की आपण एकाच मातीच्या ढिगाभोवती उभे आहोत हे ध्यानात येईल.

सांगणारी माणसे आज थकली आहेत. यंदाच्या सुटीत विचारले नाही, तर पुढच्या सुटीत ती भेटतीलच असे नाही. तेव्हा गावी जाल त्या दिवशी वही बरोबर न्या आणि पहिल्या पानावर आपल्या वाड्यावरच्या एका झाडाचे नाव लिहा.